तेंदूपत्त्याच्या हंगामात रद्द झालेलं शिबिर

उत्तर नागपुरातली एक मध्यम ख्रिस्ती मंडळी. रविवारच्या उपासनेला शे-सव्वाशे माणसं, त्यात रेल्वेत, शाळेत आणि नर्सिंगमध्ये नोकरी करणारी बरीच. या मंडळीच्या तरुण संघाने मे महिन्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरची तालुक्यात, एका लहान गावी, मुलांसाठी आठवडाभराचं शिबिर ठरवलं होतं. निघायला तीन दिवस उरले असताना ते रद्द झालं. तो आठवडा तरुण संघाने नागपुरातल्याच एका मोठ्या सरकारी रुग्णालयात काढला. त्यानंतर मंडळीत एक साक्ष फिरू लागली: "प्रभूने कोरचीचं दार बंद केलं, कारण त्याला दवाखान्याचं दार उघडायचं होतं."

पाळकांच्या अभ्यासगटासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं ते या एका वाक्यामुळे. त्यात खरं आहे ते मी नाकारत नाही. पण त्यात बरंच काही झाकलंही जातं, आणि झाकलं जातं तेच पाळकांच्या कामाचं आहे. पाळक, खजिनदार, तरुण संघाची सचिव आणि गावातले प्रचारक अशा चौघांशी बोलून जे हाती आलं ते मांडतो. माणसांची, गावाची आणि रुग्णालयाची नावं सगळ्यांच्या संमतीने गाळली आहेत.

ठरलं कसं

नाताळात प्रचारक नागपुरात आले होते. चहाच्या वेळी ते सहज बोलले, "आमच्याइकडच्या पोट्ट्यांसाठी काहीतरी करा ना दादा." जानेवारीच्या बैठकीत विषय निघाला आणि अर्ध्या तासात ठराव झाला. तारीख मेच्या दुसऱ्या आठवड्याची. शाळांना सुट्टी, नोकरीवाल्यांना रजा मिळते, आणि मंडळीची स्वतःची सुट्टीतली बायबल शाळा एप्रिलमध्येच आटोपते. पाळकांनी आशीर्वाद दिला.

तयारी मात्र मन लावून झाली. डझनभर पोरापोरींनी रजा टाकल्या. उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, कुरखेडा मार्गे जायला गाडी ठरली, आगाऊ रक्कम दिली. तांदूळ, तूरडाळ, तेल, ओआरएसची पाकिटं, चित्रकलेच्या वह्या, खडू. प्रचारकांनी फोनवर पाठवलेल्या ध्वनिमुद्रणावरून सचिवाने चार गोंडी गीतं देवनागरीत उतरवून घेतली आणि सगळ्यांकडून पाठ करून घेतली. मंडळीतल्या एका निवृत्त परिचारिकेने खास या गीतांच्या पुस्तिका छापायला पैसे दिले.

एवढ्या तयारीत एक प्रश्न कुणी विचारला नाही: मे महिन्यात त्या गावात काय चाललेलं असतं?

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात उन्हाळ्याचे ते दोन-तीन आठवडे तेंदूपत्त्याचे, म्हणजे विडीच्या पानांचे. घरातली सगळी माणसं पहाटे अंधारात रान गाठतात, ऊन चढायच्या आत पानं तोडून आणतात, दुपारभर सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर नेऊन मोजून देतात. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा. त्यांच्या आधारावर तिथल्या पुष्कळ ग्रामसभा आता पत्त्याचा व्यवहार स्वतः करतात. वर्षभरात रोख रक्कम हातात पडायची मोठी संधी हीच. त्या दिवसांत बाहेरून कुणी येऊन पोरांना खडू वाटेल, तर पोरं येणार कुठून?

हंगाम एरवी थोडा आधी आटोपला असता, तर गाठ पडली नसती. त्या वर्षी अवकाळी पाऊस झाला, पत्ता लांबला, आणि शिबिर नेमकं भर हंगामात येऊन पडलं. प्रचारकांनी फोन केला: "दादा, सारा गाव रानात आहे. पोट्टेबी जाते. तुमी आले तं नुसते बसून राहाल चर्चमधी." नकोच या, असं ते म्हणाले नाहीत. पाहुण्याला 'येऊ नका' म्हणणं त्यांच्या जिभेवर येणारं नव्हतं. पण अर्थ स्पष्ट होता.

पहिल्या दिवसाची भाषा

तरुण संघाच्या व्हॉट्सॲप गटावरचे त्या दिवसाचे संदेश सचिवाने मला दाखवले. तासाभरात पहिला संदेश: हा सैतानाचा हल्ला आहे, उद्या उपवास धरू. दुपारी दुसरा: काळजी करू नका, यात प्रभूची इच्छा आहे. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. रात्री सचिवाने एक ओळ लिहिली: "आपण गावाला महिना विचारलाच नव्हता." त्याला कुणीच काही उत्तर दिलं नाही.

सकाळी सैतान, दुपारी परमेश्वर. दोन्ही उत्तरांत तेंदूपत्ता नाही, बैठकीतला तो अर्धा तास नाही आणि प्रचारकही नाहीत. मंडळीतली माणसं खोटं बोलत होती असं मला म्हणायचं नाही. रजा टाकून, पैसे जमवून, पाठांतर करून बसलेल्या पोरांना निराशेतून बाहेर काढायची घाई होती, आणि आपल्याकडे त्यासाठी ही दोन वाक्यं कायम हाताशी असतात.

प्रेषित पौलाच्या प्रवासांत आणि पत्रांत ही घाई दिसत नाही. योजना मोडण्याचे प्रसंग त्याच्यावर पुष्कळदा आले, आणि प्रत्येक वेळी कारण वेगळं सांगितलेलं आहे. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये आशियात (तेव्हाच्या त्या नावाच्या रोमी प्रांतात) वचन सांगायला पवित्र आत्मा मनाई करतो, बिथुनियाकडे वळले तर तेही होऊ दिलं जात नाही. थेस्सलनीकाच्या मंडळीला तो लिहितो की तुमच्याकडे यायचं एकदा नव्हे दोनदा मनात होतं, सैतानाने अडवलं. रोमकरांना पंधराव्या अध्यायात सांगतो की यायला इतका उशीर झाला तो इकडच्या कामामुळे; जिथे ख्रिस्ताचं नाव ऐकलेलं नव्हतं तिथलं काम आधी हाती होतं. आणि करिंथकरांना दुसऱ्या पत्रात, पहिल्याच अध्यायात: येतो म्हणालो होतो आणि आलो नाही, तो निर्णय माझा, तुमची गय करावी म्हणून आलो नाही. आत्मा, सैतान, कामाचा बोजा, स्वतःचा विचार. चार प्रसंग, चार कारणं.

यातला करिंथचा प्रसंग या प्रकरणाला सगळ्यात जवळचा आहे. तिथे लोक पौलाला चंचल म्हणू लागले होते. याचं 'होय' कधी 'नाही' होईल सांगता येत नाही, असा आक्षेप होता. त्यावर 'प्रभूची इच्छा' एवढं म्हणून त्याला गप्प बसता आलं असतं. तो बसला नाही. आधी देवाला साक्षी ठेवून न येण्याचं कारण सांगितलं, मग पत्राचं बाकीचं. दिलेल्या शब्दाचा हिशेब मागायचा अधिकार समोरच्याला आहे, हे त्याने धरून ठेवलं. कोरचीच्या त्या गावात शब्द नागपूरकरांनी दिला होता आणि मोडल्याचं ओझं मात्र प्रचारकांच्या खांद्यावर आलं. गावात त्यांनाच सांगावं लागलं की पाहुणे येणार नाहीत.

रुग्णालयातला आठवडा

शिबिराला निघायचं होतं त्याच दिवशी प्रचारकांचा पुन्हा फोन आला. शेजारची तेरा वर्षांची मुलगी सिकलसेलची रुग्ण. अंग दुखून दुखून तळमळते आहे, जिल्हा रुग्णालयातून नागपूरला पाठवली आहे. बरोबर फक्त आई. गोंडी आणि छत्तीसगढी बोलते, मराठी जेमतेम. नागपूर कधी पाहिलेलं नाही. कुणी जाईल का?

सचिव नर्सिंगची विद्यार्थिनी. ती आणि आणखी एक जण गेले.

सिकलसेलमध्ये रक्तातल्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. अंगातलं पाणी कमी झालं, ताप आला, ऊन लागलं की असा झटका येऊ शकतो. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. विदर्भात हा आजार नवा नाही. आदिवासी आणि दलित वस्त्यांत त्याने ग्रासलेली घरं पुष्कळ. डॉक्टरांनी आईला पहिल्यांदा विचारलं ते हेच, की पोरगी उन्हात होती का आणि पाणी किती प्यायली. मुलगी आठवडाभर पत्ता तोडायला जात होती. आईच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत केसपेपर, तपासणीच्या चिठ्ठ्या आणि पुडे मोजून लिहिलेलं तेंदूपत्त्याचं कार्ड एकत्रच होतं. पुढे तीन दिवस रुग्णालयातल्या प्रत्येक खिडकीवर ती तिन्ही कागद पुढे करायची. कुठला कशाचा हे तिला वाचता येत नव्हतं.

त्या दोघांनी जे पाहिलं ते संध्याकाळी बाकीच्यांना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळेच निघाले. इथे पाळकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. थेट वॉर्डात शिरण्याआधी त्यांनी पोरांना रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांकडे नेलं. अधीक्षकांनी अटी घातल्या: पत्रकं वाटायची नाहीत, कुणाच्या हातात पैसे द्यायचे नाहीत, रोज येताना-जाताना सांगायचं. दोघा-तिघांना पत्रकांची अट जड गेली. पाळकांनी ती तिथल्या तिथे मान्य केली. त्यांचं मला सांगितलेलं कारण असं: पोरगी खाटेवर असताना तिची आई कशालाही होय म्हणेल, आणि असलं होय आपल्याला नको. मला ते पटतं.

काम काय होतं? जेवण वाटायचं, अशी सगळ्यांची कल्पना. डाळ-तांदूळ तयारच होते. पण बाहेरगावच्या नातेवाइकांना जेवू घालणारे लोक त्या आवारात आधीपासून येत होते. अडत होतं ते निराळ्याच ठिकाणी. बालाघाट, छिंदवाडा, राजनांदगाव, गोंदिया, गडचिरोली, कुठकुठून माणसं आलेली. रक्ताचा नमुना कोणत्या इमारतीत द्यायचा, रिपोर्ट किती वाजता मिळतो, चिठ्ठीवरची ही ओळ औषधाची की तपासणीची, हे सांगायला कुणीतरी हवं होतं. पोरं रांगेत उभी राहिली, चिठ्ठ्या वाचून दिल्या, म्हाताऱ्यांना चाकांच्या खुर्चीतून एक्स-रेपर्यंत नेलं. फुले जन आरोग्य योजनेच्या कागदांसाठी मुलीचं रेशनकार्ड आणि आधार लागणार होतं, ते घरी राहिलेलं. प्रचारकांनी तिच्या घरून ते शोधलं, फोटो काढले आणि रेंज मिळेल अशा टेकाडावर जाऊन पाठवले. डॉक्टरांनी रक्त द्यायचं ठरवलं तेव्हा सहा जण रक्तपेढीत गेले; दोघांचं हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली निघाल्याने त्यांना परत पाठवलं. रक्त द्यायला गेलेले आपणच अशक्त, हा शोध त्या दोघांच्या घरी बराच गाजला म्हणे.

तिसऱ्या दिवशी मुलीच्या वेदना उतरल्या. सचिवाच्या पिशवीत गोंडी गीतांची वही होती. मुलगी सातवी शिकलेली. तिने वही मागून घेतली, वाचली आणि पेन्सिल मागितली. चारही गीतांत शब्द चुकलेले होते, एकात तर दोन शब्द जोडून भलताच अर्थ झाला होता. तिने दुरुस्त करून दिले. तीच वही पुस्तिका म्हणून छापून गावात वाटली गेली असती.

पैशाचा प्रश्न

मंडळीत खरा वाद झाला तो इथे, आणि साक्षीत त्याचा उल्लेखही नसतो. शिबिराच्या नावाने जमलेले पैसे रुग्णालयातल्या प्रवासावर, औषधांवर खर्च करता येतील का? कमिटीतले बहुतेक म्हणाले, प्रभूचं काम ते प्रभूचं काम. खजिनदार अडून बसले. हे गृहस्थ रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, देणाऱ्याने ज्यासाठी दिलं त्यासाठीच वापरायचं, नाहीतर त्याला विचारायचं. त्यांनी एकेका दात्याला फोन लावला. बहुतेकांनी लगेच होकार दिला. निवृत्त परिचारिकेने दिला नाही. "माझे पैसे गीतांसाठी. शिबिर आज नाही तं उद्या होईल." खजिनदारांनी तिची रक्कम वहीत वेगळ्या पानावर लिहून बाजूला ठेवली.

त्या बाईंना तेव्हा हट्टी म्हटलं गेलं. माझ्या मते साऱ्या प्रकरणात गावाला दिलेला शब्द जिवंत ठेवला तो त्यांनी आणि खजिनदारांनी. बाकी सगळे नव्या कामात इतके रमले होते की कोरची हा विषय संपल्यात जमा होता.

साक्षीतलं वाक्य

आता त्या वाक्याकडे. प्रभूने एक दार बंद केलं ते दुसरं उघडण्यासाठी, असं म्हटलं की कारणांची साखळी अशी बनते: अवकाळी पाऊस देवाने पाडला, पत्ता लांबवला, त्यामुळे शिबिर मोडलं आणि पोरं मोकळी झाली. पण त्याच लांबलेल्या पत्त्यामुळे ती मुलगी भर उन्हात रानात होती. साखळी धरायची तर ही कडीही धरावी लागते. म्हणजे नागपूरच्या तरुणांना सेवेची संधी मिळावी म्हणून कोरचीची एक मुलगी वेदनेने तळमळली. हे वाक्य तिच्या आईसमोर कुणी म्हणू शकेल का? मी पाळकांना विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "नाही."

शिबिर मोडल्याच्या रविवारी पाळकांनी प्रवचनात गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांचं उदाहरण दिलं होतं. १८१२ मध्ये हे अमेरिकन मिशनरी कलकत्त्याला उतरले, ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना निघून जायला सांगितलं, आणि १८१३ च्या फेब्रुवारीत ते मुंबईला पोचले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तिथून. उदाहरण खरं आहे आणि मराठी ख्रिस्ती माणसाने ते जाणूनही घ्यावं. पण त्याच तुकडीत हॅरिएट न्यूवेल होती. कलकत्त्यातून निघावं लागल्यावर प्रवासात तिचं तान्हं बाळ गेलं, आणि मॉरिशसला तीही गेली, एकोणीस वर्षांची. मुंबईची कथा सांगताना तिला गाळलं तर देवाची योजना फार स्वस्तात मिळते.

नागपूरचं स्वतःचं उदाहरण स्टीफन हिस्लॉप. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळची प्राचीन शिलावर्तुळं पाहायला गेलेला हा स्कॉटिश मिशनरी, भूगर्भाचा अभ्यासक, रात्री परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडाला. त्याने जमवलेली गोंडांविषयीची टिपणं आणि गीतं त्याच्या मागे रिचर्ड टेम्पल यांनी संपादून १८६६ मध्ये छापली. त्याच्या नावाचं कॉलेज शहराला ठाऊक आहे. त्या ओढ्यात बुडणं ही योजना होती असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्याने जे करून ठेवलं होतं ते वाया गेलं नाही, एवढं मात्र डोळ्यांसमोर आहे.

या प्रकरणातही मला देवाचं प्रयोजन तिथेच दिसतं. शिबिर का मोडलं याच्या उत्तरात ते शोधलं की हात रिकामे राहतात. मोडल्यावर काय शिल्लक होतं हे पाहिलं की सापडू लागतं. रजा होत्या, एकमेकांची सवय झालेली होती, थोडे पैसे होते, गोंडी गीतांची चुकीची का होईना वही होती, आणि प्रचारकांशी इतकं नातं होतं की अडचणीत त्यांनी याच नंबरवर फोन लावला. दावीद राजाचं तसंच झालं. मंदिर बांधायचं त्याच्या मनात होतं, नाथान संदेष्टाही आधी 'कर' म्हणाला, आणि त्याच रात्री परमेश्वराने नाथानाला उलट निरोप दिला. संदेष्ट्याने दिलेला आशीर्वादही घाईचा असू शकतो, हे पाळकांनी लक्षात ठेवावं. दावीदाने पुढे लाकूड, लोखंड, पितळ जमवून ठेवलं, बांधलं शलमोनाने.

नंतर

प्रेषितांची कृत्ये १६ मध्येच पुढे, त्रोवसात मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टांत एकट्या पौलाला झाला, पण देवाने आपल्याला बोलावलं आहे हे अनुमान सगळ्यांनी मिळून काढलं, आणि तिथून पुढे कृत्यांचा लेखक लूक 'आम्ही' म्हणून लिहू लागतो. फिलिप्पैत त्यांना पहिली भेटलेली लुदिया थुवतीराची, म्हणजे ज्या आशियात जायला मनाई झाली होती तिथलीच. आणि पुढे त्याच आशियात, इफिसात, पौल दोन वर्षांहून अधिक राहिला. मनाई त्या वेळेपुरती होती. पाळकांनी जूनच्या कमिटीत हा भाग वाचला आणि मग विचारलं, कोरचीचं काय?

या वेळी प्रचारकांना आधी फोन गेला. ते म्हणाले, धान निघू द्या. धान निघाल्यावर सात जण गेले. मोठ्या शिबिराऐवजी तीन दिवसांचा मेळावा झाला, शाळा सुटल्यावर संध्याकाळी. सुधारलेल्या पुस्तिका वाटल्या. पाळकही गेले आणि मे महिन्यात न आल्याबद्दल गावच्या बैठकीत उभं राहून बोलले, तेंदूपत्त्याचं नाव घेऊन. मुलगी तिथे होती. तिचा आजार जन्माचा. गोळ्या चालू आहेत, त्यानंतर एकदा पुन्हा दाखल करावं लागलं.

रुग्णालयातलं काम बुधवारी संध्याकाळी चालू राहिलं. सुरुवातीला सगळे यायचे, नाताळापर्यंत चार उरले. अधीक्षकांच्या मते चार पुरेत, फक्त बुधवार चुकवू नका. कमिटीत आता प्रश्न आहे की हे काम वार्षिक योजनेत घालून त्याला अंदाजपत्रक द्यायचं, की त्या चौघांवरच सोडायचं. खजिनदार अंदाजपत्रकाच्या बाजूने आहेत. सचिवाला भीती वाटते की एकदा ते ठरावात आलं की पुन्हा कुणी रुग्णालयाला विचारणार नाही, तुम्हाला काय हवं आहे. पुढच्या बैठकीला अधीक्षकांना आणि प्रचारकांना दोघांनाही बोलवायचं, एवढं ठरलं आहे. तारीख प्रचारक सांगतील ती.